जीडीच्या यादीत नाव आलंय, पण व्हायचंय मेकॅनिक: जावं की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १९ वर्षांचा, बारावी सायन्स. चुलत्याच्या गॅरेजमध्ये लहानपणापासून हात काळे केलेले. सैन्याच्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीत टेक्निकल आणि जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) अशा दोन्ही कॅटेगरींत अर्ज केला होता. टेक्निकलमध्ये नंबर लागला नाही, जीडीत लागला. घरचे म्हणतात, आलेली संधी सोडू नकोस. ओळखीतला एक जण म्हणतो, "एकदा आत जा, ट्रेड (म्हणजे सैन्यातलं ठरलेलं काम) मी बदलून देतो," आणि त्याचे पैसे मागतोय. मुलाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: जीडीत गेलो तर नेमकं काय काम मिळेल हे आधी कळेल का, आणि नंतर मेकॅनिक होता येईल का? शिवाय आई रोज विचारते की पोरगं राहणार कुठे.

बाळा, आधी सरळ उत्तर देतो. काम आधी कळणार नाही. आणि नंतर बदलून मिळेल या भरवशावर अजिबात जाऊ नकोस. पण म्हणून लगेच नकारही देऊ नकोस, कारण जीडी म्हणजे काय हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

मी १९९३ साली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, भरती झालो आणि २०१९ साली नायब सुभेदार म्हणून घरी आलो. तेव्हापासून रोज पहाटे मुलांना मैदानावर पळवतो आणि संध्याकाळी त्यांचे फॉर्म तपासतो. तुझ्यासारखा प्रश्न दर भरतीला येतो, आणि बहुतेक वेळा निकाल लागल्यावर येतो. खरं तर तो फॉर्म भरायच्या आधी यायला हवा.

तुझ्या हातात जी निवड आहे ती कॅटेगरीची आहे, कामाची नाही. पोरं इथेच चुकतात. कॅटेगरी म्हणजे जीडी, टेक्निकल, क्लार्क आणि स्टोअर कीपर टेक्निकल, ट्रेड्समन. त्यानंतर तू कोणत्या आर्ममध्ये जाणार, म्हणजे इन्फंट्री, तोफखाना, रणगाडे, इंजिनिअर्स, सिग्नल्स की आणखी काही, हे त्या वेळच्या जागांवर आणि गरजेवर सेना ठरवते. तुला ते डिस्पॅचच्या वेळी, म्हणजे ट्रेनिंगला रवाना करतात तेव्हा, सेंटरचं नाव वाचून कळतं. त्या आर्ममध्ये तुझ्या हाती नेमकं काय येणार हे सेंटरवर गेल्यावर ठरतं. पुढे कोणती युनिट, कोणता इलाखा, हे पासिंग आऊटच्या, म्हणजे ट्रेनिंग संपण्याच्या सुमारास. अशा चार पायऱ्या आहेत आणि त्यातली फक्त पहिली तुझ्या सहीची. अग्निपथच्या, म्हणजे अग्निवीर भरतीच्या योजनेच्या, अटींमध्ये हे लपवलेलंही नाही. अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये किंवा युनिटमध्ये पाठवता येईल आणि संघटनेच्या गरजेनुसार पुढे हलवताही येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. लोक ते वाचत नाहीत. शेवटच्या पानावर सही कुठे करायची तेवढं विचारतात.

टेक्निकलमध्ये नंबर लागला असता तर मेकॅनिक झालोच असतो, असं तू धरून चालला आहेस. तसं नाही. टेक्निकलमधून ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये, गेलास तर गाड्या, इंजिनं, शस्त्रांची दुरुस्ती. पण त्याच कॅटेगरीतून मुलं सिग्नल्समध्ये जातात, एअर डिफेन्समध्ये जातात, दारूगोळ्याच्या तपासणीत जातात. आमच्याच मैदानावरचा एक मुलगा डिझेल इंजिन डोळ्यांपुढे ठेवून टेक्निकलमध्ये गेला आणि संदेशवहनाच्या सेटसमोर बसला. वाईट झालं असं नाही, तो आज खूश आहे. पण त्याला पाना हातात धरायचा होता, तो मिळाला नाही.

उलट जीडीतून मुलं यंत्रांजवळ पोहोचतात, हे फारसं कुणी सांगत नाही. अहिल्यानगरला मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं, सेंटर आहे. तिथे गेलास तर बीएमपी-२ ही साखळीवर चालणारी गाडी आणि तिच्या क्रूमध्ये ड्रायव्हर, गनर, कमांडर असे तिघे. त्याच गावात आर्मर्ड कोअरचंही, म्हणजे रणगाडा दलाचं, सेंटर आहे. टी-७२ रणगाड्यातही तिघंच असतात आणि ड्रायव्हर आपल्या रणगाड्याचे फिल्टर, साखळी, तेलपाणी स्वतः बघतो. रोजच्या मेंटेनन्स परेडला त्याचे हात तुझ्या चुलत्याच्या हातांपेक्षा कमी काळे होत नाहीत. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला गेलास तर तोफ. कामठीच्या गार्ड्स सेंटरला किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेलास तर मात्र तू पायदळाचा शिपाई. रायफल, पिठ्ठू, गस्त, पहारा. पुष्कळ जीडी मुलांच्या वाट्याला हेच येतं, आणि मनात तेच धरून हो किंवा नाही म्हणायला हवं. बीएमपी मिळाली तर ती वरकड कमाई समज.

पगाराच्या नावाने मन डळमळत असेल तर ते आधी मिटवून टाक. अग्निवीराचं पॅकेज सगळ्या कॅटेगरींना एकच. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. तू टाकलेल्या रकमेइतकीच सरकार टाकतं आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता तुझ्याकडून घेत नाहीत. जीडी असो वा टेक्निकल, हे आकडे हलत नाहीत.

आता माझं सांगतो, कारण तुझ्या मनात जे चाललंय ते मी खडकीला, बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरच्या मैदानावर, भोगलंय.

आमच्याकडे प्रत्येक सॅपरला तीन गोष्टी शिकवतात. आधी सैनिक म्हणून मूळ प्रशिक्षण, मग कॉम्बॅट इंजिनिअरिंग म्हणजे सुरुंग, पूल, रस्ते, आणि मग एक ट्रेड. मला डोझर चालवायचा होता. धरणाच्या कामावर लहानपणी डोझर बघितला होता, तो डोक्यात बसला होता. ट्रेड जाहीर होणार त्या दिवशी आम्ही ओळीने जमिनीवर बसलो होतो, हवालदार रजिस्टर वाचत होते. नंबर, नाव, ट्रेड. नंबर, नाव, ट्रेड. माझ्या शेजारच्याला डोझर मिळाला. त्या पोराला सायकलसुद्धा धड येत नव्हती. माझ्या नावापुढे वाचलं, कारपेंटर.

त्या रात्री मी चादर तोंडावर ओढून रडलो. सुतारकाम करायचं तर पाच किलोमीटर छाती फुटेस्तोवर पळायची काय गरज होती, असं वाटत होतं. वर्कशॉपमध्ये पहिला आठवडा नुसता रंधा मारला. एक फळी, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि उस्ताद, म्हणजे शिकवणारे. फळी रंधायची, गुण्या लावून प्रकाशाकडे धरायची. खालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. चौथ्या दिवशी माझ्या तळव्याचं कातडं सोललं. उस्तादांनी बघितलं, हळद लावून पट्टी बांधायला सांगितली, आणि बाजूला बसवून राणेसाहेबांची गोष्ट सांगितली. परमवीर चक्र विजेते रामा राघोबा राणे, आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे, १९४० मध्ये साधे सैनिक म्हणून भरती झालेले. १९४८ च्या एप्रिलमध्ये जम्मूतल्या राजौरीच्या वाटेवर शत्रूने पाइनची पाच मोठी झाडं आडवी टाकली होती, भोवती सुरुंग पेरले होते आणि वरून मशीनगनचा मारा चालू होता. ती झाडं आणि ते सुरुंग काढत राणेसाहेबांनी रणगाड्यांना वाट करून दिली. उस्ताद म्हणाले, "पेड़ हटाने का काम था, बेटा. बस इतना ही."

मला ते लगेच पटलं असं सांगितलं तर खोटं होईल. मला ते पटायला साधारण तीन वर्षं लागली. युनिटमध्ये गेल्यावर बेली पुलाचं, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचं, पॅनल खांद्याशी आलं तेव्हा. दहा फूट लांब, पाच फूट उंच, अडीचशे किलोच्या वर वजन, सहा जणांनी मिळून उचलायचं. त्या सहांत मी सुतार, शेजारी वेल्डर, पुढे ड्रायव्हर. पॅनल उचलताना कुणाचा ट्रेड काय हे विचारायला श्वास शिल्लक नसतो. पुढे डोंगरात हिवाळ्याच्या तोंडावर बंकरच्या चौकटी बसवायची वेळ आली तेव्हा सगळी पलटण माझी वाट बघायची. वारा आत येईल की नाही हे माझ्या चौकटीवर ठरायचं. तिथे मला सुतारकाम खऱ्या अर्थाने आवडायला लागलं. नंतर खडकीला उस्ताद म्हणून परत आलो आणि पोरांच्या हातात तोच गुण्या दिला.

ही गोष्ट सांगून तुला "जा, सगळं चांगलंच होतं" असं म्हणायचं नाहीये. उलट सांगायचंय. मला नको असलेलं काम आवडायला तीन वर्षं लागली, आणि पुढे तेवीस वर्षं शिल्लक होती. तुझ्याकडे ट्रेनिंग धरून एकूण चारच आहेत. त्यातले पहिले साधारण सात महिने सेंटरवर जातात. आमच्या वेळी नको तो ट्रेड मिळाला तरी कोर्स होते, बढती होती, पंधरा वर्षांनंतर पेन्शनचा हक्क होता, दुसरी संधी केव्हा तरी यायची. री-मस्टरिंग नावाची ट्रेड बदलायची वाटही नियमित सैन्यात आहे. पण ती युनिटच्या गरजेने चालते, जवानाच्या हौसेने नाही, आणि माझ्या सव्वीस वर्षांत ती वाट चालून गेलेले मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बघितले. चार वर्षांच्या मुदतीत तिच्यावर आशा लावून बसणं मला अजिबात योग्य वाटत नाही. शिवाय एकदा भरती झालास की अपवादात्मक परिस्थिती सोडली तर मुदतीआधी स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येत नाही. म्हणजे "जीडीत जाऊन बघतो, नाही जमलं तर परत येऊन टेक्निकलला बसतो" हा रस्ता बंद.

म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारतो. तू ज्या कॅटेगरीत सही करतोयस, तिच्यातलं तुला सगळ्यात नकोसं काम मिळालं तर चार वर्षं मनापासून करशील का? तुझ्या बाबतीत ते काम म्हणजे पायदळातला पहारा. रात्री दोन वाजता, उणे तापमानात, समोर काहीही हलत नसताना दोन तास डोळे उघडे ठेवून उभं राहणं. इंजिनाचा आवाजसुद्धा नाही. त्यालाही तू "हो" म्हणत असशील तर जा, आणि मागे वळून बघू नकोस. "हो, पण नंतर बदलून मिळेल ना?" असं मनात येत असेल, तर ते "नाही" आहे. ते आज ओळखलेलं बरं.

मन लावून करणं इथे हिशोबातही महत्त्वाचं आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात आणि ती निवड चार वर्षांच्या कामगिरीवर होते. नको त्या कामात मन मारून दिवस काढणारा मुलगा पीटीत मागे राहतो, फायरिंगमध्ये मागे राहतो, आणि पहिल्या दोन वर्षांतलं हे मागे पडणं शेवटच्या वर्षी भरून निघत नाही. मी उस्ताद असताना असे चेहरे लांबून ओळखायचो. त्यांचे बूट चमकायचे, सलाम कडक असायचा, पण काम सांगितलं की नजर खाली जायची.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेचं नाव तुला घरच्यांनी ऐकवलं असेलच. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असं फिरला, सैन्यातच धावपटू झाला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्यपदक आणलं. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण त्यातून घ्यायचं ते एवढंच की तो भरती झाला तेव्हा स्टीपलचेस त्याच्या मनातही नव्हतं. जे काम मिळालं ते आधी त्याने केलं.

आता त्या पैसे मागणाऱ्या माणसाबद्दल. त्याला एक रुपया देऊ नकोस. ट्रेड आणि आर्म ठरवण्यात बाहेरच्या कुणाचाही हात नसतो. ही माणसं काय करतात ते मी जवळून बघितलंय. पंचवीस मुलांकडून पैसे घ्यायचे, त्यातल्या तीन-चार जणांना आपोआपच हवं ते मिळतं, त्यांचे पैसे ठेवायचे आणि "बघा, काम केलं" म्हणून त्यांची नावं पुढच्या गावात सांगायची. बाकीच्यांना "साहेब बदलले" म्हणायचं. माझ्या मैदानावरच्या दोघांचे पैसे असेच गेले, एकाच्या वडिलांनी त्यासाठी बैलजोडी विकली होती. आणि मूळ मार्कशीट किंवा डोमिसाइल "तारण" म्हणून ठेवून घेत असेल तर आजच्या आज परत घे, देत नसेल तर पोलिसात जा. डिस्पॅचच्या दिवशी मूळ कागद हातात नसले तर झालेली निवडही हातची जाते. कॅटेगरी, जागा, तारखा याबाबत शंका असेल तर थेट आपल्या जिल्ह्याच्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसला विचार. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

तू थांबायचं ठरवलंस तर काय? तुझे बारावीचे गुण तू लिहिले नाहीस, पण टेक्निकलला पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) आणि इंग्रजीसह एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात. तू अर्ज केलास म्हणजे तेवढे आहेत असं धरतो. मग अडलं ते ऑनलाइन परीक्षेत. गणित आणि भौतिकशास्त्र हे दोनच विषय सहा महिने नीट घासलेस तर फरक पडतो, हे मी दरवर्षी बघतो. पुढच्या भरतीला वय बसतंय का ते त्या वर्षीच्या अधिसूचनेत तारखेनिशी तपास, अंदाजाने ठरवू नकोस. आणि थांबलेला काळ नुसता मैदानावर घालवू नकोस, आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नाव घाल. मनासारखी भरती झाली नाही तरी हातात काही राहील.

ज्यांना काम आधीच ठरलेलं हवंय त्यांच्यासाठी थोड्या वाटा आहेत, पण त्या अरुंद आहेत. ट्रेड्समनमध्ये कामाचं स्वरूप बरंच आधी माहीत असतं, स्वयंपाकी, शिंपी, न्हावी वगैरे. क्लार्कचं काम क्लार्कचंच. नर्सिंग असिस्टंटला जीवशास्त्र घेतलेली मुलं लागतात, सिपाही फार्माला फार्मसीची पात्रता. मुलींसाठी मिलिटरी पोलीसची भरती आहे, तिथे कोअर आधीपासून ठरलेली असते. तुझ्या आवडीचं इंजिन यात कुठेच नाही.

नौदल आणि वायुदलाचंही कुणी विचारेल म्हणून सांगतो. तिथेही ट्रेड आधी मिळत नाही. नौदलात एसएसआरची, म्हणजे बारावीवर भरती होणारी, मुलं आधी ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे जातात आणि शाखा सेवेच्या गरजेनुसार मिळते. इंजिनाची शाखा मिळाली तर लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, विजेची मिळाली तर जामनगरचं वलसुरा. वायुदलात अग्निवीरवायूचं प्रशिक्षण बेळगावला सुरू होतं आणि ट्रेड वायुदलच ठरवतं. फरक इतकाच की या दोन्ही दलांत यंत्राच्या जवळपास काम मिळायची शक्यता पायदळापेक्षा बरीच जास्त. तुझे विषय तिथेही चालतात. फक्त टेक्निकलच्या मागे लागू नकोस, हे दोन्ही अर्जही भर.

माझं मत विचारशील तर तुझ्या पत्रात एक ओळ आहे, "वर्दी मिळाली तर बाकी सगळं चालेल." ही ओळ खरी असेल तर जा. ती घरच्यांना बरं वाटावं म्हणून लिहिली असशील तर थांब, तू अजून १९ चाच आहेस. दोन्हींत कमीपणा काहीच नाही. फक्त निर्णय तू घे, वडिलांना घेऊ देऊ नकोस. रात्री पहाऱ्यावर तू उभा राहणार आहेस.

गेलास तर सेंटरवर एक गोष्ट लक्षात ठेव. कुणाला काय काम येतं असं उस्ताद विचारतात, तेव्हा गॅरेजमधलं काम खरं खरं सांग. क्लच प्लेट बदलता येत असेल तर तसं सांग, इंजिन उघडता येत नसेल तर येतं म्हणू नकोस. त्याने ट्रेड मिळेलच असं नाही, पण युनिटला गाड्या बघायला माणूस लागतो तेव्हा ते नाव कुणाच्या तरी लक्षात असतं. मोठ्या गाडीचं लायसन्स काढायचं वय झालं की काढून ठेव.

आणि आईला सांग, सुरुवातीला फक्त ट्रेनिंग सेंटरचा पत्ता मिळेल, तो डिस्पॅचच्या कागदावरून वहीत उतरवून घ्या. युनिटला गेल्यावर पत्ता बदलेल. तुझा नंबर, नाव, युनिट आणि खाली मार्फत ५६ किंवा ९९ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात गावाचं नाव नसतं, राज्याचंही नसतं. माझ्या आईने त्यावरही सव्वीस वर्षं पत्रं पाठवली, आणि ती सगळी पोहोचली.